जुन्या कुलपाची नवी किल्ली

सोमवार, ३ तारीख

लिहिणार इसम: वय वर्षे एकाहत्तर. धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, हल्ली निवृत्त. शिक्षण चौथी, पहिला क्रमांक. नाव धंद्यात सर्वांस ठाऊक असल्याने येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. एका चोरीच्या खटल्यात कुलपाविषयी माझी साक्ष झाली होती. त्या वेळी न्यायाधीश म्हणाले होते की साक्ष द्यावी तर अशी: जे पाहिले तेवढेच आणि पाहिले त्याच क्रमाने. तेव्हापासून रोजनिशीही मी त्याच रीतीने लिहितो.

आज सकाळी चिरंजिवांच्या नव्या बिऱ्हाडी मुक्कामास दाखल झालो. चिरंजीव बंदरावर क्रेन चालवतात. सूनबाईचे दिवस भरत आले आहेत. तिला आई नाही, म्हणून घरात वडीलधारे माणूस असावे असे ठरले. खाली छत्र्यांचे दुकान, वर तीन खोल्या, उजेड भरपूर. मागची लहान खोली बाळासाठी पिवळ्या रंगाने रंगवली आहे. खिडकीला गज आहेत. खिडकीजवळ पाळणा आणि पाजायला बसण्यासाठी बिनहातांची खुर्ची आहे.

या खोलीच्या दारात एक जुने पितळी कुलूप बसवलेले आढळले. त्यावर रंगाचे थर चढलेले. खरवडून पाहिले तर काम अव्वल दर्जाचे. दोन्ही बाजूंनी किल्ली लागते. किल्ली मात्र नाही. चिरंजीव सूनबाईला म्हणाले, "बघ, सुनेची चौकशी नंतर, आधी कुलपाची!" सूनबाई पोट धरून हसली. मी त्यांना धंद्याचा नियम समजावून सांगितला. जुने कुलूप पुन्हा वापरात आणायचे तर आतल्या, किल्लीच्या दात्यांशी जुळणाऱ्या पट्ट्या बदलल्याच पाहिजेत, कारण हरवलेली किल्ली जगात कोणाच्या तरी हाती असतेच.

शुक्रवार, ७ तारीख

काल सूर्योदयापासून कळा सुरू होत्या. रुग्णालयाच्या बाकावर मी ताठ बसलो होतो. चिरंजीव भिंतीला डोके टेकून उभे. आतून जे ऐकू येत होते ते ऐकण्याची माझी योग्यता नाही, एवढेच लिहितो. बाळाच्या मानेभोवती नाळ अडकली होती. एकदा सर्व आवाज थांबले. चिरंजिवांनी माझा हात धरला, जो त्यांनी शाळेत जाऊ लागल्यापासून धरला नव्हता. मग रडणे ऐकू आले. मुलगी आहे.

परिचारिका म्हणाली की आजोबा, डोळे पुसा. मी तिला सांगितले की रुग्णालयात धूळ फार आहे.

मंगळवार, ११ तारीख

बाळ-बाळंतीण घरी आली. घराला घरपण आले, पण सुख लागत नाही. नात अंगावर नीट पीत नाही. सूनबाई ओठ चावून पाजायला बसते. टाके ओढतात, छातीला चिरा पडल्या आहेत. मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. पोर रडते, पोरीची आई रडते आणि चिरंजीव दोघींसमोर पाण्याचा पेला घेऊन उभे राहतात, जणू आग विझवायची आहे.

शुक्रवार, १४ तारीख

एक चमत्कारिक बाब नोंदवतो. दुपारी जेवणानंतर नात पिवळ्या खोलीत निजली होती. सूनबाई पाजायला गेली आणि लगेच बाहेर आली. तिने मला विचारले की बाळाला बाटली कोणी दिली? मी म्हणालो की बाटली कपाटात आहे आणि मी या खुर्चीत आहे. ती म्हणाली, "मग हिचं पोट भरलंय कशानं, बाबा? तोंडाला दूध लागलंय." मी जाऊन पाहिले. ओठांच्या कोपऱ्यात दूध होते. तुझेच सकाळचे असेल, असे मी म्हणालो. तिने ते बोटाने पुसून हुंगले.

सोमवार, १७ तारीख

वजन करणारी परिचारिका आली होती. घरात तिला आम्ही वजनवाली म्हणतो. काट्यावर ठेवताच म्हणाली की हा तर लोण्याचा गोळा झाला, आईची कमाल आहे! सूनबाई म्हणाली की गेले तीन दिवस ही माझ्या अंगावर प्यायलेली नाही. वजनवाली हसली, म्हणाली, "मग काय वारा पिऊन फुगली?" त्यानंतर तिने सूनबाईची छाती तपासली आणि तिचे हसू मावळले. दूध तटून दगड झाला आहे. अंगात ताप आहे. जाताना जिन्यात तिने मला हळूच विचारले की सुनेची झोप कशी आहे, ती असंबद्ध बोलते का.

हे शब्द मी घरी सांगायला नको होते. चिरंजिवांना सांगितले.

गुरुवार, २० तारीख

सूनबाईने घेतले की नात धनुष्यासारखी वाकते, किंचाळते. पिवळ्या खोलीत ठेवली की शांत. सूनबाईचे म्हणणे असे की बाळाच्या टाळूला दुसऱ्याच बाईच्या अंगाचा वास येतो. ती म्हणाली, "ती तिची होत चाललीय, बाबा. माझ्या डोळ्यांदेखत." आज तिने नातीला उचलण्यास साफ नकार दिला.

डॉक्टरांचे मत पडले की बाळंतपणानंतर काही जणींचे मन असे फिरते. औषध दिले आहे. उतार न पडल्यास सूनबाईला रुग्णालयात ठेवतील आणि तिला बाळापासून वेगळे करतील. चिरंजीव स्वयंपाकघरात तोंड धुण्याच्या निमित्ताने बराच वेळ नळ सोडून उभे होते.

घरचा वडील या नात्याने मी निर्णय घेतला. दुपारी चिरंजीव कामावर असतात. सूनबाईच्या हातून काही भलतेसलते होऊ नये म्हणून तेवढा वेळ नात कुलपात राहील आणि किल्ली माझ्या खिशात. जुने कुलूप खोलले, तेल दिले. आतल्या पट्ट्या इतक्या सुबक निघाल्या की त्या काढून टाकण्यास हात धजावला नाही. त्यांनाच जुळती नवी किल्ली कानशीने घासून घडवली. पहिल्याच फेऱ्यात खटका बसला. असा गोड आवाज वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता.

शुक्रवार, २१ तारीख

कुलूप लावले. सूनबाई दाराशी जमिनीवर बसली. ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "मला बाहेर ठेवा, बाबा. पण तिला आत एकटीला ठेवू नका." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली की एकटी तरी कुठे असते.

मी तिला निजायला पाठवले आणि दारासमोर खुर्ची टाकली. डोळा लागला असेल-नसेल. दार उघडायला उठलो तेव्हा कुलूप बंदच होते. नातीच्या हनुवटीवर दूध. पाजायच्या खुर्चीच्या बैठकीला हात लावला.

ऊब होती.

शनिवार, २२ तारीख

कुलूप तपासले. तार घातल्याचा ओरखडा नाही, पट्ट्या वाकलेल्या नाहीत. हे कुलूप कोणी फोडलेले नाही. ते किल्लीने उघडले आणि किल्लीने पुन्हा बंद केले. माझी किल्ली माझ्या खिशात होती.

खाली छत्र्यांच्या दुकानात बसणाऱ्या घरमालकीणबाईंना जुन्या किल्लीविषयी विचारले. प्रथम म्हणाल्या की कशाला गाडलेली मढी उकरता. मग सांगितले. पूर्वी वर एक कुटुंब होते, ओली बाळंतीण होती. तिचे मन फिरले असे घरच्यांना वाटले. सासऱ्याने बाळाला त्या खोलीत ठेवले, कुलूप घातले आणि किल्ली घेऊन तो कामासाठी बाहेर गेला. त्याला परतायला उशीर झाला. आत बाळ रडत होते आणि बाहेर ती दारावर डोके आपटत होती. दुधाने तिचे कपडे भिजून उंबऱ्यात ओघळ आला होता, असे मालकीणबाई म्हणाल्या. दार उघडले तेव्हा बाळ रडायचे थांबले होते. कायमचे.

त्या बाईने ती किल्ली गळ्यात बांधली आणि कोणाला काढू दिली नाही. किल्लीसकट नदीत गेली.

मालकीणबाई म्हणाल्या की सासरा फार शिस्तीचा होता हो, अगदी तुमच्यासारखा.

रविवार, २३ तारीख

सूनबाईला तापाने ग्लानी आली. चिरंजीव तिला रुग्णालयात घेऊन गेले. तिला तेथेच ठेवून घेण्याविषयी आज ठरेल. मी त्यांना मालकीणबाईंची हकिकत सांगू लागलो. ते म्हणाले की बाबा, आता तुम्हीही सुरू करू नका.

जाताना सूनबाईने दुखऱ्या छातीचे दूध काढून बाटली भरली आणि ती माझ्याच हाती दिली. ज्याने तिला दाराबाहेर बसवले, त्याच्या हाती. म्हणाली की घेणार नाही ती, पण विचारून बघा.

रविवार, दुपार

नातीसह पिवळ्या खोलीत बसलो आहे. दार आतून बंद. किल्ली मुद्दाम भोकातच ठेवली आहे. आत किल्ली असली की बाहेरून दुसरी लागत नाही, हा साधा नियम आहे.

नात बाटली घेत नाही. दाराकडे पाहते. ओठांनी चोखल्यासारखे करते.

पट्ट्या बदलायच्या होत्या. नियम मला ठाऊक होता.

नंतर

जिना वाजला. चिरंजीव असते तर हाक मारली असती —

हाक नाही. उंबऱ्याखालून ओल आत येते आहे. पांढरट.

—

नात माझ्या मांडीवर. बाटली डाव्या हातात. उजव्याने लिहितो. अक्षर बिघडले, क्षमस्व.

तिला म्हणालो की हे तुझ्या आईचे आहे, पोरी. तुझ्या आईचे. एक घोट —

प्यायली. पीत आहे! डोळे माझ्याकडे. आईचेच पीत आहे —

बाहेर कोणी तरी हुंदका दिला.

—

माझी किल्ली हलते आहे. भोकातून मागे, मागे —

पडली.

—

हे लिहून देतो: सूनबाईचे मन ठिकाणावर आहे. ती बोलली ते खरे. तिला बाळापासून तोडू नये. चूक कुलूप घालणाऱ्याची. हे मी शुद्धीवर राहून, कोणाच्या दबावाशिवाय —

खटका. तोच गोड आवाज.

हजर साक्षीदार: एक, मी स्वतः. दोन, नात, आईचे दूध पिऊन तृप्त. तीन, दारात उभी, गळ्यात दोरी, हातात किल्ली, छातीवरचे कापड भिजलेले. नोंदीसाठी नाव विचारले. म्हणते की हिची —