बाळूची काकवी

कोल्हापूर, जानेवारी २०२६
गुरुवार, संध्याकाळ

आज चहाच्या गाडीवर मी उगाच तोंड सोडलं. अमेरिकेला डेन्मार्कचं ग्रीनलंड पाहिजे, संरक्षणासाठी म्हणे. दोघं दोस्त, एकाच गोटातले. मी म्हणालो, "दोस्ताच्याच घरात हात घालायचा, ही कसली दोस्ती?"

मूळचा कागलचाच असलेला दस्तगीर शिंपी कप ठेवत म्हणाला, "आण्णा, कागलच्या शेतात तुमच्या ट्रॅक्टरनं बाळूचा बांध कोरला, ते कशासाठी व्हतं? संरक्षणासाठीच की."

सगळे हसले. मीही हसलो, पण अर्धा कप तसाच ठेवून उठलो.

बाळू माझा चुलत भाऊ. दोन वर्षं नांगरताना वीतवीतभर त्याच्या बाजूला सरकलोय. चूक ड्रायव्हरची, असं मनाला सांगत आलो. पण कडेला उभा कोण होता? मीच. आणि बाळू? भाऊबंदकी नको म्हणून गप्प. त्या देशांचं बरं, निदान तोंडावर भांडतात तरी. बाळूनं यंदाही गुऱ्हाळावरची काकवी पाठवली. बरणी काठोकाठ भरलेली.

ती समोर फडताळात आहे. चार दिवस झाले, झाकण उघडलेलं नाही. कसं उघडू? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसं झालंय माझं.

उद्या सकाळच्या एसटीनं कागलला जातो. मोजायची टेप पिशवीत टाकली आहे. तिचं एक टोक बाळूच्या हातात देईन आणि म्हणेन, बांध कुठं होता ते तूच दाखव.

बरणी त्यानंतर.