माझ्या नावावर माझंच रक्त

कामशेत,
मे १९७२

प्रिय चंपे,

तुझं पत्र दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं. आधी हसू आलं, मग डोळे भरले आणि मग रागही आला. तिन्ही खरं. सोमवारी नर्सिंगच्या प्रवेशासाठी माझं रक्त शेवटचं तपासणार आहेत. या खेपेलाही आकडा बसला नाही तर माझी जागा गेली, हे तुला मी काय सांगू? तू त्याच इस्पितळात शिकते आहेस.

पहिल्या खेपेला तिथल्या साहेबांनी कागद बघून मान हलवली आणि 'अशक्त' असा शेरा मारला. मी अशक्त! वडिवळ्याच्या खाचरात दिवसभर वाकून भात लावणारी, डोक्यावर भारा घेऊन ठाकरवाडीचा चढ एका दमात चढणारी. वसतिगृहात तुला एका बादलीतच धाप लागायची, मग तुझ्या वाटचं पाणी कोण भरायचं गं? पण रक्ताचा आकडा कमी. झालं, जो तो मला लोखंड खायला घालायला लागला. आईने लहानपणचाच उपाय काढला. विळा चुलीत लाल करून ताकात विझवायचा आणि ते ताक नाक दाबून प्यायचं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्याला हसल्या आणि त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं. रक्त जिथल्या तिथे.

मग आमच्या वाडीने डोकं चालवलं. फेरतपासणीला माझ्याऐवजी माझी चुलत बहीण बाया गेली. आठवते ना, हट्टी बैलाची शिंगं धरून त्याला वळवणारी? आई म्हणाली, "येकाच वाडीचं रगत हाय, तुजं काय नि तिचं काय. आन् बाया कशी घोडीवानी हाय!" बाया माझं नाव सांगून ऐटीत बसली. कोणी ओळखलं नाही. वाडीवरच्या दोन पोरींतला फरक बघायला तिथे वेळ कुणाला आहे? आणि निकाल काय आला, तर बायाही अशक्त! घरी येऊन तिने भोकाड पसरलं, "मला काय झालंय? मी मराय लागली व्हय?" रडता रडता भाकरी मात्र रोजच्याइतकीच खाल्ली.

हा घोळ डॉक्टरीणबाईंना सांगितला तेव्हा त्या आधी मला फाडून खायला उठल्या, मग बायाचा आकडा नीट विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी स्वतः वाडी चढून आल्या. आईचं, बायाचं आणि माझं रक्त घेऊन ते पुण्याला ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर आलं. आमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक आहेत, पण संख्येने भरपूर, म्हणून रक्ताचा आकडा जरा खाली राहतो. उपासमार नाही, दुखणं नाही. आईबापांकडून आलेली ठेवण आहे, नाकडोळ्यांसारखी. लोखंड कितीही खाल्लं तरी ती बदलायची नाही. विळ्याला हसल्याबद्दल बाईंनी आईची माफी मागितली. लग्न ठरवताना मुलाचंही रक्त तपासून घे, असं मात्र मला बजावलं. दोघांची ठेवण एकच निघाली तर मूल फार आजारी होऊ शकतं म्हणे. ते मी पक्कं ध्यानात ठेवलंय. आणखी एक म्हणाल्या. ज्या रानांत हिवतापाने माणसं पटापट मरायची, तिथे असल्या रक्ताची माणसं जास्त तगली, असं जाणकारांना वाटतं.

चंपे, तेव्हापासून माझं डोकं तापलंय. ज्या रक्ताने माझे पणजे-खापरपणजे तापातून उठवले असतील, त्याला नापास करणारा हा आकडा ठरवला कोणी? कोणाकोणाचं रक्त मोजून? आमच्या वाडीवरचं एक बोट तरी तेव्हा टोचलं होतं का? बाईंनी चिठ्ठी दिली, पण साहेबांचं म्हणणं, आकडा म्हणजे आकडा. असू दे. आम्हीही डोंगरातली माणसं आहोत, बघू कोण आधी दमतं.

आता तुझ्या पत्राचं बोलते. तू लिहितेस, सोमवारी रजा काढून येते आणि तुझ्या नावावर माझं रक्त देते, माझं चांगलं भरतं, कोणाला कळायचं नाही. खरंच कळायचं नाही. पण कळलंच, तर तुझीही जागा जाईल आणि ती तू कशी मिळवलीस हे मी पाहिलंय. शिवाय माझी धाकटी सरू यंदा आठवीत जाईल. तिलाही नर्स व्हायचंय आणि तिचंही रक्त असंच निघालं तर? तुझ्या रक्तावर मी आत शिरले, तर उद्या तिने कोणाचं रक्त मागायचं? म्हणून सोमवारी आई आणि बाया माझ्याबरोबर येणार आहेत. फेरतपासणीला बाया बसली होती, हेही मी तोंडाने सांगणार. मग हाकलायचं तर हाकलू देत, पण तिघींची बोटं बघून, आमच्या तोंडावर 'अशक्त' म्हणून हाकलू देत. घरी सगळ्यांना माझा जयभीम सांग. आणि तुला यायचंच असेल तर जरूर ये. फक्त बाही वर करू नकोस, दारात माझ्या शेजारी उभी राहा.

तुझीच हट्टी,
चिंगी