करारातलं तिसरं नाव

४ ऑक्टोबर, मंगळवार
पार्क विकला — आमची ही ट्रकवरून आणून बसवलेल्या घरांची अख्खी वसाहत! दारावर नोटीस चिकटवलेली. नवे मालक, नवा करार — एकोणीस पानं. एकतीस तारखेच्या आत सही, नाहीतर जागा सोडा.
घर माझं, खालची जमीन त्यांची. अडतीस वर्षं हे ठाऊक आहे. पण कागदावर एवढ्या बारीक अक्षरात वाचलं आणि खुर्चीतच पाय वर घ्यावेसे वाटले.

५ ऑक्टोबर
पान चौथं. ‘भाडेकरूस आपले घर स्वखर्चाने अन्यत्र नेण्याची मुभा राहील.’
डेल्बर्टला वाचून दाखवलं. शेजारी असूनही दया नाही त्याला. म्हणाला, “ने की, कविराज! अर्धं घर बिलिंग्सच्या बाहेर पोचेल, अर्धं इथेच रस्त्यात सांडेल.”
खरं आहे. कारखान्यातून दोन तुकड्यांत ट्रकवर आलं होतं हे घर. माझी बायको इडेला समोर उभी राहून टाळ्या वाजवत होती. चाकं काढून ठोकळ्यांवर बसवलं. आता तळाची लाकडं कुजलीत.
शाळेत मिस हाल्वर्सन आमच्याकडून घरावरच्या कविता पाठ करून घ्यायच्या. चूल, उंबरठा, खिडकीतला दिवा! कवितेत घर म्हटलं की खाली जमीन आपोआप असायची. कुणाची, ते कुठल्याच कवीने सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर
जुने करार सापडले, इडेलाच्या बिस्किटांच्या डब्यात. कागदपत्रं सगळी तीच बघायची. मी फक्त ती बोट ठेवील तिथे सही करायचो.
प्रत्येक करारात राहणाऱ्यांची यादी. मी. इडेला. आणि तिसरं नाव — क्लेटन.
तो घर सोडून गेल्याला पंचवीस वर्षं झाली! आणि हिने दर वर्षी, न चुकता, त्याचं नाव लिहिलंय. यंदा मार्चमध्ये ती वारली, त्याच्या आधीच्या जानेवारीतसुद्धा. अक्षर थरथरतंय, पण नाव पुरं.
पाण्याचे पैसे माणशी लागतात. मी एकदा विचारलं होतं, “आपण दोघं, मग तिघांचं पाणी कसं?” म्हणाली, “नळ गळतो.” मी तीन रविवार नळाखाली पाना घेऊन बसलो होतो. आणि ती कॉफी आणून द्यायची!

१० ऑक्टोबर
ऑफिसात गेलो. मॅनेजर मारिसोल, पोरगी चांगली आहे.
“आजोबा, आजींचं नाव काढते हं. हा क्लेटन कोण?”
“मुलगा.”
“इथे राहतो?”
मी मान हलवली, नाही.
मग तिने समजावलं. यादीत नसलेल्या माणसाला चौदा रात्रींहून जास्त थांबता येत नाही. आता नाव गेलं तर पुन्हा नवा अर्ज, चौकशी — होईलच याचा भरवसा नाही. आणि माझ्या पश्चात घर जागेवर ठेवायचं, तर नाव यादीत हवं.
“नाव ठेवायचं तर त्याने स्वतः येऊन सही करायची. एकतीसपर्यंत. नाहीतर मला खोडावं लागेल, आजोबा.”
म्हणालो, “राहू दे. आज नको खोडू.”
इडेलाने पंचवीस वर्षं दार उघडं ठेवलं. ते माझ्या हातून लागायचं? त्याला ‘जा’ म्हणणाराही मीच. बीटच्या हंगामात साखर कारखान्याची नोकरी सोडून आला, वेल्डिंग शिकतो म्हणाला. एवढ्यावरून!

१४ ऑक्टोबर
डब्याच्या तळाशी एक नंबर, तिच्याच अक्षरात. कॅस्पर शहरातलं वेल्डिंगचं दुकान. म्हणजे तिला ठाऊक होतं.
सकाळी बोलायचं लिहून काढलं. पानभर. दोन ठिकाणी तर यमक जुळलं होतं!
फोन एका बाईने उचलला. “तो कामावर बाहेर गेलाय. काय निरोप?”
“करारावर सही हवी म्हणावं. बिलिंग्सच्या पार्कमध्ये. एकतीसच्या आत.”
“कुणाचा निरोप सांगू?”
मी म्हणालो, “ऑफिसचा.”
ऑफिसचा! पंचवीस वर्षांनी!

२२ ऑक्टोबर
फोन नाही. बीटचे ट्रक दिवसभर चालू.

२६ ऑक्टोबर
डेल्बर्ट म्हणाला, “त्याची सही तूच ठोक ना! कोण बघतंय?”
खोटं कशाला बोलू, पेन घेऊन बसलो. वर्तमानपत्राच्या कडेला दोन-तीनदा लिहून पाहिलं. मग लक्षात आलं — त्याचं अक्षर कसं आहे तेच मला माहीत नाही. शाळेचं प्रगतिपुस्तकही इडेलाच बघायची. एवढ्या कविता पाठ, आणि पोराच्या ‘क’चं वळण सांगता येत नाही.

३० ऑक्टोबर
बर्फ पडलं. मागची छोटी खोली झाडली. उद्या जाऊन सांगतो, खोडून टाक. मारिसोलने आपण होऊन खोडण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.
इडेला, माफ कर.

३१ ऑक्टोबर
चार वाजता गेलो. म्हटलं, “खोड.”
मारिसोल म्हणाली, “काय खोडू? दुपारी येऊन सही करून गेला की! तुमच्याकडे नाही आला?”
नाही आला.
तिने पान पुढे केलं. त्याची सही — तिरकी, घाईची. आणि तिच्या खाली आणखी एक ओळ. मोठी, गोल अक्षरं, रेघेबाहेर गेलेली. ‘मी लिहिते’ म्हणून हट्टच धरला म्हणे त्याच्याबरोबरच्या छोटीने.
टेसा. वय ९. नातं — नात.
घरी येईपर्यंत हे नाव मोठ्याने म्हणत आलो.