सायकलीचा पस्ताना

५ नोव्हेंबर १९५६
आजपासून रोजनिशी. परदेशी जाणारी माणसं ठेवतात.

आज खात्यात फोरमन रंगराव आले. म्हणाले, जर्मनीहून ग्राइंडिंगचं नवं मशीन येतंय, तिकडे जाऊन ते शिकायची कुणाची तयारी आहे? सहा महिने, जाणं-येणं विमानाने. चौघांनी हात वर केले. माझा पहिला. रंगरावांनी सिगारेटच्या पाकिटावर नावं लिहिली, त्यात कोंडीराम सगळ्यात वर. म्हणजे ठरल्यातच जमा. ऑर्डर तेवढी यायची.

घरी सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. बायकोने, म्हणजे सरूने, विचारलं, लेखी काय हाय का? बायकांना कागदाशिवाय विश्वास नाही.

७ नोव्हेंबर
सायकल बरोबर न्यायची. पक्कं. सासऱ्यांनी लग्नात दिलेली, चार वर्षांत एक पंक्चर. इथे ठेवली तर गाव फिरवून फिरवून खिळखिळी करील. शिवाय दिघी ते कंपनी साडेपाच मैल रोज मारतो, जर्मनीत काय जास्त असणार?

सरू म्हणाली, इमानात सायकल कुनी घेईल व्हय? एस.टी.च्या टपावर घेतात. विमान तर एस.टी.पेक्षा मोठं. मुंबईच्या विमान कंपनीला इंग्रजीत पत्र टाकलं. सुरुवात: रिस्पेक्टेड सर, आय ॲम हॅविंग वन सायकल.

१७ नोव्हेंबर
उत्तर आलं. टाइप केलेलं. पेडल काढा, हँडल वळवा, टायरमधली हवा सोडा, खोक्यात घाला आणि तिकिटाचा नंबर कळवा. नंबर नंतर कळवता येईल. हवेबद्दल बराच विचार केला. इथली हवा तिथे नेऊ देत नसावेत. ठीक. तिथे गेल्यावर तिथली भरू.

१८ नोव्हेंबर, रविवार
भिमाजी सुताराने खोकं केलं. जुनं दार, दोन फळ्या, बेचाळीस खिळे. वर मी स्वतः डांबराने लिहिलं: कोंडीराम, जर्मनी. भिमाजी म्हणाला, गावाचं नाव पन लिव्ह. जर्मनीत गाव कोणतं ते रंगरावांना विचारायचं राहिलं आहे.

२२ नोव्हेंबर, गुरुवार
भटजी म्हणाले, प्रवासाला आजचा मुहूर्त उत्तम, पुढे महिनाभर काही खरं नाही. ऑर्डर नाही. आईने तोड काढली: पस्ताना ठेव. जाणाऱ्याची वस्तू मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली की माणूस निघाला असं धरतात. मग तो सवडीने जातो.

लोक उपरण्यात सुपारी बांधून ठेवतात. पण सुपारी चाकण-आळंदीला ठीक. मी म्हणालो, जर्मनीला सायकल. वेशीजवळ सोपानरावांच्या ओसरीवर खोकं नेलं. चौघे उचलायला, पाच सवाष्णी ओवाळायला. सगळं गाव लोटलं. मी चार शब्द बोललो. बोलताना भरून आलं.

२३ नोव्हेंबर
कामावर चालत. साडेपाच मैल. संध्याकाळी परत साडेपाच.

आईला म्हणालो, ऑर्डर येईपर्यंत खोकं उघडून सायकल घरी आणतो. ती हादरलीच. म्हणाली, ठिवल्याला पस्ताना पुढं जातो, माघारी येत न्हाई. आनलास तर जागीच ऱ्हाशील जन्मभर. असू दे. चार दिवसांचा प्रश्न आहे. चालणं प्रकृतीला चांगलं.

२७ नोव्हेंबर
दोन दिवसांत दोन लेट मार्क. निश्चय: पहाटे चारला उठणे.

वाटेत जो भेटेल तो विचारतो, आरं, अजून हितंच? कालपर्यंत हसून उत्तर दिलं. आज दिलं नाही.

२८ नोव्हेंबर
चारला उठलो नाही. लेट मार्क.

१ डिसेंबर
सोपानरावांच्या मुलीचं लग्न सोळा तारखेला. म्हणाले, भावा, ओसरी मोकळी कर, तुझ्या जर्मनीवर कोंबडी खुडूक बसलीया. बरोबरच आहे त्यांचं. पण खोकं घरी नेता येत नाही. रात्री विचार केला. पस्ताना माघारी येत नाही, पुढे तर जातो. पुढे म्हणजे मुंबईच्या दिशेला. म्हणजे कंपनी. डोकं असावं लागतं.

२ डिसेंबर, रविवार
बैलगाडीने खोकं कंपनीत पोचवलं, स्टोअरच्या शेडमध्ये. गाडीत खोक्याशेजारी मी बसलो, हीच चूक झाली. गावाला वाटलं आज निघालो. पुन्हा नारळ, पुन्हा ओवाळणी. म्हाताऱ्या रडल्या. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

दिवेलागणीला मागच्या वाटेने घरी आलो. सरू म्हणाली, लवकर आलात.

५ डिसेंबर
आता गावातून जाणं-येणं बंद. जाताना अंधारात, येताना मिलिटरीच्या तारेच्या कडेने. साडेसहा मैल पडतात. आज पहाऱ्यावरच्या शिपायाने हटकलं, कहाँ जाता है? जर्मनी म्हणालो नाही.

सायकल दिवसभर माझ्यापासून पन्नास पावलांवर असते. बसून घरी आलो तर माघारी आणली असं होतं. आईचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. कुणी जागीच राहतं असं मी मानत नाही. पण उगाच कशाला?

७ डिसेंबर
सुट्टी घेतली, पाय सुजले. दार लावून आत बसलो. शेजारीण पीठ मागायला आली तेव्हाच शिंक आली. ती आईने आपल्या नावावर घेतली. सोपानरावांकडून लग्नाचं आवतण आलं, आई आणि सरूला. मला नाही. मी जर्मनीत.

८ डिसेंबर
रंगरावांनी खोकं पाहिलं. डांबरातलं नाव वाचलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ऑर्डरसाठीच.

१० डिसेंबर
रंगरावांनी बाजूला घेतलं. म्हणाले, कोंडीराम, नावं नुसती विचारून ठेवली होती रे. आता मशीनबरोबर त्यांचाच माणूस सहा महिने इकडे येतोय. कुणी जायचं नाही.

याला बेत लांबणीवर पडणे म्हणतात.

१३ डिसेंबर
जर्मन साहेब आला. उंच, उन्हाने लाल झालेला. बंगला कंपनीपासून दोन मैल. मोटार नको म्हणाला, सायकल द्या, आमच्याकडे सायकलनेच जातात. रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. कसा म्हणालो ते माहीत नाही.

बेचाळीस खिळे मीच काढले. हँडल सरळ केलं. पंपाने हवा भरली. साहेबाने सीट चार बोटं वर घेतली, वर बसला आणि गेला.

घरी आईला सांगितलं, सायकल जर्मन माणसाकडे पोचली. आई म्हणाली, मग पस्ताना फिटला, आता तू मोकळा. तिने हात जोडले. सरूने ताटात एक भाकरी जास्त वाढली.

१६ डिसेंबर, रविवार
ठरवलं. आज लग्नात जायचं, चारचौघांत खरं सांगायचं. मी गेलो नव्हतो, जाणारही नव्हतो, माझं नाव सिगारेटच्या पाकिटावर होतं. हे वाक्य वाटेत तीनदा म्हणून पाहिलं.

मांडवात शिरलो तशी माणसं उठली. सोपानराव धावत आले, मिठी मारली. कवा आलास? मी तोंड उघडलं तोवर मला पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं, नवऱ्या मुलाच्या मामाशेजारी. सोपानरावांनी व्याह्यांना सांगितलं, आमच्या गावचा हाय, सहा म्हैन्याचं काम, गड्यानं धा-पंधरा दिसांत शिकून घेतलं. पलीकडच्या पंगतीतून सरू माझ्याकडे बघत होती. मला फार लाज वाटली. उठावं वाटलं, पण दोन्ही बाजूंना माणसं आणि पुढ्यात पान.

व्याही वाकून म्हणाले, राव, कसं हाय तिकडं?

मी म्हणालो, चालावं लागतं फार.

त्यांनी मान डोलावली आणि मला आणखी एक बुंदीचा लाडू वाढायला सांगितला. तो खाल्ला. उद्या पहिली शिफ्ट.