मंडई मंजूर

प्रिय रीता,

तू धाडलेलं पोचलं, त्याची ही पोच. वालाच्या शेंगा एक गाठोडं, वाळल्या मिरच्या, मध एक बाटली (बूच ढिलं होतं, थोडा मध शेंगांनीच खाल्ला), कोहळी एक पोतं, त्यातली घरात दोनच आली, त्याचं कारण पुढे येईल. आणि जवाईबापू एक, धडधाकट. पोत्याचं एसटीचं भाडं सत्तर रुपये. जवाईबापूंचं तिकीट त्यांचं त्यांनी काढलं, ते मी धरलं नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे. तुझ्या टेकडीवर रेंज धरायला तुला पार त्या मोहाच्या झाडाखाली जावं लागतं, आणि तिथे उभी राहून तू आधी रडतेस, मग ऐकतेस, तोवर रेंज जाते. पत्राचं तसं नाही. सगळं वाचून झाल्यावर रडायचं असेल तर रड. मुलीला घेऊन दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणून निघालेला नवरा आठवडा झाला तरी आला नाही, म्हणजे तुझ्या जिवाला घोर लागला असेल. सगळे बरे आहेत, महाकाली मायची कृपा आहे. पण क्रमानेच सांगते. मधलं सोडून शेवट वाचू नको, तुझी लहानपणापासूनची खोड आहे ती, थोरल्या बहिणीपासून लपायची नाही.

दिवाळीच्या आधी जुन्या बाजाराच्या बोळीत, माझ्याकडे राहून शिकणाऱ्या तुझ्या भाग्यश्रीच्या हातातला मोबाइल कोणीतरी हिसकावला, तेव्हापासून तुझा डोळ्याला डोळा नाही हे मला माहीत आहे. तू लिहिलंस, शिक्षण गेलं चुलीत, मंडई झाली की तिचे बाबा येतील आणि तिला कायमची घरी आणतील. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातली ड्यूटी संपवून पोरगी अंधार पडल्यावर निघते. एक वाट ही बोळ, दुसरी कोळशाच्या ट्रकांची. बोळीत उजेड म्हणशील तर मारुतीपुढचा माझा सांजेचा दिवा, त्यातही तेल मी बेतानेच घालते. टोकाला देशी दारूचं दुकान. पण नर्सिंगचं एकच वर्ष उरलंय गं तिचं, म्हणून म्हटलं, हातपाय हलवून बघावं.

मी आणि शेजारची बायनाबाई नगरपरिषदेत गेलो. बायनाबाई म्हणजे तलावातली मासोळी विकणारी, ती तलावावर बोलली तर स्टँडवर ऐकू येतं. दिवाबत्तीच्या खोलीत झाडूभाऊ बसलेला होता. झाडू हे त्याचं नाव, काम लाइनमनचं. तो म्हणाला, “बाई, त्या बोळीतले खांब नोंदीवरच नाई. जो खांब नाई त्याचा बल्ब मी कसा बदलवू?” बायनाबाई म्हणाली, “मंग मागच्या पोळ्याले माही म्हैस कोनाले धडकली होती रे, भुताले?” झाडूभाऊ माणूस भला. हळूच म्हणाला, “तिथी एखादा कार्यक्रम ठेवा. कार्यक्रमाले लाईट भेटते, पोलीस भेटते, नालीत पावडर भेटते. बिनकार्यक्रमाच्या माणसाले काही भेटत नाई.”

म्हणून यंदाची मंडई जुन्या बाजार चौकात भरवायची ठरलं. माझा डाव एवढाच होता की जवाईबापू येतील त्या दिवशी तरी बोळ उजेडात दिसावी. अर्ज मीच लिहिला. मॅट्रिक झाल्याचा उपयोग अशा वेळीच होतो. “जुन्या बाजार चौकात मंडई भरविण्यास परवानगी मिळावी, तसेच दिवाबत्ती, स्वच्छता व बंदोबस्त पुरविण्यात यावा, ही नम्र विनंती.” खाली बचत गटातल्या साऱ्याजणींच्या सह्या.

रीता, चौथ्या दिवशी मंजुरी आली! सरकारी कागद चौथ्या दिवशी आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नुसती मंजुरी कसली, बोळीत दोन्ही बाजूंनी नवे खांब, नंबर घातलेले ओटे, बायकांसाठी संडास, संध्याकाळी एक पहारेकरी. बायनाबाई म्हणाली, “एका रातच्या मंडईले संडास? लय सुधारला जमाना!” गवंडी आले, खांब रोवले, ओट्यांवर चुन्याने आकडे पडले. आम्ही नाटक कंपनीला विसार देऊन टाकला.

आता आपल्याकडे मंडई म्हटलं की दिवाळीनंतरची जत्रा, पाळणे, जिलबी, घरोघरी पाहुणे आणि रात्रीचं नाटक, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण नवे मुख्याधिकारी साहेब पडले पुण्याकडचे. तिकडे मंडई म्हणजे भाजीबाजार! साहेबांना वाटलं, गावातल्या बायका ओस पडलेला बाजार पुन्हा चालू करायला निघाल्यात. बिचाऱ्यांनी किती हौसेने सगळं केलं असेल.

मंडईच्या दिवशी दुपारी एका बाजूने नाटकाच्या पडद्यांचा ट्रक आला, दुसऱ्या बाजूने वजनकाटे तपासणाऱ्यांची जीप. दोघांनाही मागे सरता येईना. मागोमाग साहेब आले, हातात फीत कापायची कात्री. बघतात तो ओट्यांवर स्टेजच्या फळ्या, आणि चार नंबरच्या ओट्यावर अर्धीच मिशी रंगवलेला एक नट पोहे खातोय. साहेबांनी त्याला विचारलं, “भाजीवाले कुठे आहेत?” त्याने घास गिळून नीट आठवून सांगितलं, “साहेब, या नाटकात भाजीवाला नाई. दोन राजे, एक प्रधान अन् एक कॉमेडी.” साहेबांचा चेहरा लाल. त्यात जमिनीवरचा कचरा दिसला तसे ओरडले, “इथे अजून झाडू का मारला नाही?” खांबावर चढलेला झाडूभाऊ तिथूनच म्हणाला, “साहेब, मी काय केलं?”

हसू नको. पुढे ऐक. साहेब कागद दाखवून म्हणाले की हे खांब भाजीबाजाराच्या नावाने मंजूर आहेत, बाजार नसेल तर उद्या उपटून दुसरीकडे न्यावे लागतील. उद्या! म्हणजे बोळीत पुन्हा काळोख, आणि पोरगी तुझ्या टेकडीवर. मी मारुतीला हात जोडले.

तेवढ्यात जवाईबापू स्टँडवरून चालत आले. ऑटोवाल्याने चाळीस मागितले म्हणून पोतं डोक्यावर घेऊन आले होते, मला फार कौतुक वाटलं. दम लागलेला, समोर सात नंबरचा ओटा मोकळा दिसला, टेकवलं पोतं. तोंड सुटलं आणि कोहळी घरंगळत ओट्यावर पसरली. साहेब वळले. “हा लाल भोपळा कसा दिला?” जवाईबापूंना काय ठाऊक काय चाललंय! ते म्हणाले, “भोपळा नाई साहेब, कोहळं होय.” साहेब म्हणाले, “अहो, कोहळा पांढरा असतो.” जवाईबापू म्हणाले, “तुमच्याकडं कोहळं आजारी असन.” बायनाबाईने माझ्या कमरेत कोपर मारलं, “बाई, पाहून काय राह्यली? जा ना, घरून भाजी आन!” आम्ही साऱ्याजणी धावत सुटलो. कोणी परसातली वांगी आणली, कोणी मंडईच्या पाहुण्यांसाठी आणून ठेवलेली कोबी. एकीने तर फोडणीसाठी निवडलेला कढीपत्ता ताटासकट आणून मांडला. बायनाबाईने टोपली ठेवून विचारलं, “साहेब, मासोळी भाजीत धरता का?” साहेब हसायला लागले. मग खाली बसून हसले, रुमालाने डोळे पुसले. आणि म्हणाले, “धरा.”

झाडूभाऊने त्यांना आपली मंडई काय असते ते समजावलं. साहेब नाटकाला पहिल्या खुर्चीवर बसले. जाताना म्हणाले, “खांब उभे आहेत ते उभे राहू देत. पण मावशी, माझ्या नोकरीचा विचार करा. रोज संध्याकाळी इथे बाजार बसलाच पाहिजे. मी स्वतः येऊन बघणार आहे.”

तेव्हापासून रोज बसतो. गटातल्या बायकांच्या पाळ्या लावल्यात. माझा ओटा नऊ नंबरचा. पहिल्या दिवशी हे म्हणाले, “आता माझी बायको भाजी विकणार?” तिसऱ्या दिवशी खाणीतली पाळी संपवून स्वतःच काटा धरायला आले, कारण मी उधारी देत नाही आणि ह्यांना भीती, गिऱ्हाईक तुटेल. साहेब दोनदा येऊन गेले, कोहळं मागून नेलं, हो, कोहळंच म्हणाले. दारूच्या दुकानातून निघणाऱ्याला आता आम्हा सगळ्यांच्या समोरून जावं लागतं. बायनाबाई प्रत्येकाला नावानिशी हाक मारते, “काऊन रे, पोरासाठी काही घेतलं का नाई?” आता त्यांनी मागच्या नालीवरून उडी मारून जायची वाट शोधली आहे. एकजण पडला, त्याला भाग्यश्रीनेच पट्टी बांधली.

पहिल्या दिवशी ती बोळीतून आली तेव्हा पर्स छातीशी घट्ट धरून, मान खाली घालून, सरळ. काल बायनाबाईशी गप्पा मारत उभी होती. पर्स ओट्यावर ठेवून दिलेली, दोन्ही हात हवेत, कसली तरी नक्कल करून दाखवत होती. मी लांबून पाहत राहिले आणि एका गिऱ्हाइकाला पाव किलो वांगी जास्त गेली.

जवाईबापू पहिल्या संध्याकाळी लेकीबरोबर ती बोळ इकडून तिकडे किती वेळा चालले कोण जाणे. पहारेकऱ्याला नाव-गाव विचारलं, एकेका खांबाला हात लावून पाहिला. आता ते सात नंबर सोडत नाहीत. रोज सकाळी उद्या नक्की निघतो म्हणतात, आणि घुग्घुसकडच्या ठोक बाजारातून भाजी घेऊन येतात. काल जेवताना खाली बघत म्हणाले, “बाई, पोरीले इथीच राहू द्यावं असं माह्या मनात येऊन राह्यलं. पण तिच्या मायले सांगाची मले हिंमत नाई. तुम्हीच लिहा.” म्हणून हे पत्र. नवऱ्यावर रागावू नको. तो तुझ्या होकाराशिवाय एक शब्द बोलायला तयार नाही, आणि मुलीला घेऊन निघायलाही त्याचे पाय उचलत नाहीत. भाग्यश्रीने मला काहीच विचारलेलं नाही. तिने घरी जायची बॅग मंडईच्या आदल्या दिवशी भरली होती, ती अजून दाराशी आहे. रोज सकाळी त्यातून एक ड्रेस काढते, संध्याकाळी धुऊन वाळलेला घडी करून परत आत ठेवते आणि चेन लावते. मी कपाटातला वरचा कप्पा रिकामा करून ठेवलाय, तिला सांगितलं नाही. तू नाही म्हटलंस तर मी भांडणार नाही, आई तू आहेस. पत्ता लिहिलेलं कार्ड आत घातलं आहे, तुला तिकिटाचाही खर्च नाही. हो की नाही, एवढा एकच शब्द लिही, पण उलट टपाली लिही.

तुझीच,
माधवीबाई