पलीकडच्या डोंगरावरचं बटण

महाड, ३ जुलै २०२५

चि. स्नेहल हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस, मला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना मात्र सगळं कळतं; म्हणून पत्र. सावित्री नदीचं पाणी अजून बाजारात आलेलं नाही, तरी मी खालचं सामान माळ्यावर चढवलं. तुझी आई म्हणते, मीही तिथेच जाऊन बसावं.

खरा घोर बयाबाईचा आहे. डोंगराला भेग गेली म्हणून दिवाळीनंतर वरची वाडी रिकामी केली आणि तुझी आत्या पोलादपूरजवळच्या नव्या घरात आली. इथवर ठीक. पण चोवीस तारखेला दिव्यांची अवस आहे. त्या दिवशी सासरच्या घरात काळोख राहता कामा नये, मी वर चढून दिवा लावून येणार, असं ती म्हणते. भर पावसात, त्या भेगेखालून! मी रागावलो, मग हात जोडले. तिने मला चहा करून दिला आणि विषय संपवला.

मे महिन्यात तुम्ही संस्थेतल्यांनी तिच्या त्या रिकाम्या घरामागे जाळी उभारलीत, पलीकडच्या डोंगरावरून बिनतारेची वीज पाठवलीत आणि पडवीतला बल्ब पेटवून दाखवलात. आभाळातली वीज आणाल तेव्हा आणा; आधी अवसेला तो बल्ब पेटव. म्हणजे तिला चढायचं कारण उरणार नाही. मला झोप नाही. उत्तर लवकर धाड.

तुझा,
बाबा

बंगळूर, ८ जुलै २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून माझंही चित्त थाऱ्यावर नाही. पण बाबा, ते यंत्र म्हणजे आपल्या माजघरातला दिवा नव्हे. पुढेमागे अवकाशात उन्हावर वीज करणारी मोठाली पटलं पसरायची, तिथे ढग नाहीत आणि सूर्य जवळजवळ मावळतच नाही; ती वीज लहरींच्या रूपाने खाली जाळीवर सोडायची, असा आमचा बेत आहे. या डोंगरावरून त्या डोंगरावर ही नुसती रंगीत तालीम. तीही पावसाळ्यात बंद.

तरी आज आमच्या प्रमुख मॅडमना गाठलं. पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही असं आपण सगळीकडे सांगतो, तर पोलादपूरच्या पावसात ते एकदा दाखवूया, असं म्हटलं. त्या विचार करते म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्या दारावरून उगाच फेऱ्या मारते आहे.

आत्याला बल्ब चालेल का, तेवढं विचारा. नाहीच ऐकलं तर सरळ तिच्या दारात ठाण मांडा.

तुमची,
स्नेहल

पोलादपूर, १३ जुलै २०२५

चि. स्नेहल, तुज्या आत्याचा आशीर्वाद. शेजारची चैत्राली लिवते, मी सांगत्ये.

तुजा बाप छत्री घेऊन माज्या दारात बसलाय. लोकं हसतात. त्याला आधी उठव.

बल्ब चालंल गो. देवाला उजेड पायजे, तेलच पायजे असा काय नाय. पन लावनारा हात घरचा पायजे. तू माज्या माहेरची. तू तिकडं बसून लावलास, तर त्या घराला काय त्याचा? लगीन होऊन आल्ये तवापासून अवसेला त्या पडवीत काळोख झाला नाय. भ्या मला पन वाटता. रातीला डोंगर कानात वाजता. पन मी चढनार.

माया असू दे.

बयाबाई

बंगळूर, १६ जुलै २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

मिळाली परवानगी! फक्त एक तास. आणि आत्या म्हणते तसा हात घरचाच लागेल. बटण पलीकडच्या डोंगरावर आहे, तिथे घाटातून जीप जाते, त्या अंगाला डोंगर पक्का आहे. यंत्र सांभाळणारा धम्मपाल तुम्हा दोघांना नेईल. बटण आत्यानेच दाबायचं. मी इथे पडद्यावर आकडे बघत बसेन. तिला म्हणावं, एवढं माहेरच्या पोरीचं ऐक.

तुमची,
स्नेहल

महाड, २६ जुलै २०२५

चि. स्नेहल हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

आकडे तू पाहिलेस, बाकीचं मी सांगतो.

आत्याने लग्नातलं जपून ठेवलेलं लुगडं नेसून जीपमध्ये पाऊल टाकलं. यंत्राच्या पेटीला हळदकुंकू लावलं. धम्मपालचा जीव वरखाली होत होता, पण त्याने हात जोडले आणि बटण तेवढं पुसून घेतलं. तिने पदर सावरून ते दाबलं. समोर नुसतं धुकं. वाडी नाही, घर नाही, काही नाही. धम्मपाल सांगत होता, काटा चढलाय, वीज पोचते आहे. तिने त्याला सांगितलं, की मला काट्यातला काय कळत नाय, उजेड दिसत नाय म्हंजी लागला नाय. छत्री उचलून ती वाडीच्या वाटेला लागली. मी तिचा हात धरला. लहानपणी ती माझा धरायची तसा, घट्ट. ती चिडली, मी सोडला नाही.

मग वारा सुटला. धुकं जरासं फाटलं आणि पलीकडे तिच्या पडवीत एवढासा पिवळा ठिपका दिसला. आत्या छत्री मिटून खाली बसली. पावसात भिजत बघत राहिली. मी रडलो, हे आईला सांगू नकोस.

तास संपत आला. दिवा आपण मालवत नाही, तेल संपलं की तो आपसूक शांत होतो. पण तुमच्या दिव्याला तेल कुठलं? बंद करा असं तिला सांगायचं काम धम्मपाल माझ्यावर ढकलत होता, मी त्याच्यावर. ती आपणच उठून बटणापाशी गेली. विहिरीवर जातानासुद्धा त्या घराला 'येत्ये' म्हणून सांगणारी बाई ती. नव्या घरी निघाली तेव्हाही उंबऱ्याला 'येत्ये हां' असंच म्हणाली होती. परवा तिने समोर बघून हात जोडले आणि हळूच म्हणाली, "जात्ये हां."

तुझ्या पडद्यावर आकडा शून्य झाला, तो तेव्हा.

डोंगर अजून उभा आहे. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
बाबा