सुमलचं सुतक

३ फेब्रु.
शेवंतीने आज टोपली उतरवली आणि मासे दाखवायच्या आधी माझ्या कादंबरीचंच काढलं. तिची सून रोज दुपारी तिला चार पानं वाचून दाखवते म्हणे. "तुजी ती सुमल माज्यासारकीच भांडता गो नलू!" काय खूश होती! सुमल म्हणजे तीच, हे सांगायला कशाला हवं. पदरच्या पैशाने पुस्तक छापलं, निम्म्याहून जास्त प्रती पलंगाखाली पडून. आणि जिने वाचू नये असं वाटत होतं, तीच एक मन लावून ऐकतेय.

५ फेब्रु.
आज रापणीच्या प्रकरणावरून आम्ही दोघी हसलो. किनाऱ्यावर जाळं ओढताना दोराला हात लावेल त्याला वाटा, मग तो कुणाच्याही घरचा असो. माझा हात दोराला पुरायचा नाही. शेवंती मला कडेवर घेऊन ओढायची आणि माझा वाटा भांडून मागायची. दोन वर्षांनीच मोठी, पण रुबाब केवढा! ओल्या परकरात बांगडे बांधून घरी आलो की आई ओरडायची, आणि तेच बांगडे तळायची. ते दिवस फार आठवतात.

८ फेब्रु.
माझ्या हिशेबाने आज अकरावं प्रकरण. त्यात सुमल तापाने जाते, सतराव्या वर्षी. जेवण गेलं नाही.

१० फेब्रु.
शेवंती आली नाही. म्हणजे वाडीत आली, शेजारी कोलंबी दिली, आमच्या दारावरून सरळ पुढे. वर पाहिलं नाही. डाळभात.

१२ फेब्रु.
शेवटी बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. "माका मासे नाय गो?"
"तुज्या घरात सुतक आसा मा? आठ तारखेक सुमल गेली. तेरावा होईसर माशे गावचे नाय."
हसले. ती हसली नाही. मी म्हटलं, अगो, गोष्टच ती, कुणाला तरी मारावं लागतं.
टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "येस्टी सुटली तेवा मी जित्ती होतंय."

१३ फेब्रु.
तिला आठवतंय. चाळीस वर्षांवर झाली. मला वाटत होतं फक्त मला...

१५ फेब्रु.
लिहूनच टाकते. मी मुंबईला निघाले तेव्हा शेवंती कट्टा गावच्या एसटी स्टँडवर आली होती, एवढी चालत, सुकटीची पुरचुंडी घेऊन. मुंबईची मावशी शेजारी बसली होती. शेवंतीने खिडकीखालून हात वर केला. मी ओळख दाखवली नाही. वासाची लाज वाटली. नंतर पत्रही नाही, एकसुद्धा. रिटायर होऊन परत आले तर हीच पहिल्या दिवशी दारात, "इलंस गो?"
कादंबरीत तो स्टँड येऊ नये म्हणून मी आधीच सुमलला ताप आणला. भित्री कुठली. नाव मात्र कलेचं.

१७ फेब्रु.
स्टँडचं लिहिलं. चार पानं. मावशीच्या साडीचं वर्णनच दीड पान झालं, ते काढलं. मी काय केलं ते वाक्य शेवटपर्यंत जमेना. मग जसं होतं तसंच लिहिलं: तिने पाहिलं आणि मान फिरवली.

२० फेब्रु.
तेरावा. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. दोन पानं मांडली.
शेवंती आली! टोपली दारापुढच्या खळ्यात ठेवली, वरचं फडकं काढलं नाही. म्हटलं जेव, म्हणाली, बघूया. म्हटलं, सुमल मेली नाही गो, चार पानं नवी लिहिली, सुनेकडे देऊ?
"सून कित्याक? तूच वाच."
पायरीवर बसलीय. चष्मा शोधते म्हणून मी आत आले ती हे लिहीत बसलेय. चष्मा डोळ्यांवरच आहे.
"गावलो काय गो?" बाहेरून विचारतेय.